आधी एमआय रूम: पाळीव नर उंदराचं खच्चीकरण आणि त्याची वागणूक

मी सिकंदराबादहून बोलतोय. बत्तीस वर्षं लष्करात काढली, इंजिनिअर्समध्ये. पूल बांधले, रस्ते केले, सुरुंग पेरले आणि पेरलेले परत काढलेसुद्धा. २०१४ साली कर्नल म्हणून निवृत्त झालो. एवढी ओळख पुरे, कारण आजच्या विषयाचा माझ्या नोकरीशी तसा काही संबंध नाही. आज मी पाळीव नर उंदराच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे.

हसा, काही हरकत नाही. आमच्या कॉलनीत निवृत्त अधिकाऱ्यांचा संध्याकाळचा अड्डा असतो. तिथे मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एका ब्रिगेडियर साहेबांच्या नाकातून चहा बाहेर आला होता. "उंदराची नसबंदी? सरकारी योजनेत करून घेतोस का?" वगैरे वगैरे. तो विनोद पुढे महिनाभर चालला. त्या महिन्याबद्दल मला बोलायचंच आहे, पण आधी शब्दाचा घोळ मिटवू.

नसबंदी आणि खच्चीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसबंदीत फक्त नळी बांधतात किंवा कापतात. वृषण जागेवर राहतात, संप्रेरकं तशीच रक्तात येत राहतात. पिल्लं होत नाहीत, बाकी प्राणी आहे तसाच. खच्चीकरणात वृषण काढून टाकतात. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन जवळपास नाहीसं होतं आणि त्याच्या जोरावर चालणारी वागणूक हळूहळू ओसरते. ज्यांना मारामारी थांबवायची आहे, त्यांना नसबंदीचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे सगळ्यालाच नसबंदी म्हणतात, म्हणून डॉक्टरांशी बोलताना "वृषण काढायचे आहेत" असं स्वच्छ सांगा.

आता माझ्या पिढीला हा शब्द जड जातो त्याला कारण आहे. १९७६ साली मी सोळा वर्षांचा होतो. गावात सरकारी जीप आली की बापईगडी उसाच्या फडात पळायचे. ती भीती आणि तिच्यावरचे विनोद, दोन्ही आमच्या अंगात भिनलेले आहेत. गंमत अशी, की त्याच गावात पोळ्याला ज्या बैलांच्या शिंगांना आम्ही बेगड लावायचो, तो प्रत्येक बैल बडवलेला असायचा. तेव्हाचं बडवणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. भूल नाही, औषध नाही, चार माणसं दाबून धरायची. लष्करात मी ज्या घोड्यांवर बसलो तेही बहुतेक खच्ची केलेलेच होते. बैलाचं चालतं, घोड्याचं चालतं, उंदराचं म्हटलं की हसू येतं.

आमच्या घरी उंदीर आले ते २०२१ च्या दिवाळीत. मुलगी, जावई आणि नात आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. नात तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलीकडे चुकून पिल्लं झाली होती. चुकून म्हणजे कसं, तर दुकानदाराने दोन माद्या म्हणून दिलेल्यांत एक नर निघाला. हे वारंवार होतं. पाच आठवड्यांचे झाले की नर-मादी वेगळे करावेच लागतात, कारण त्या वयातच ती प्रजननाला तयार व्हायला लागतात. गर्भ राहिला की अवघ्या तीन आठवड्यांत आठ-दहा पिल्लं हजर. त्या मुलीला ती वाटायची होती, आणि आमची नात खोक्यात तीन भाऊ घेऊन आली. फराळाचे दिवस होते, म्हणून नावं पडली लाडू, चिवडा आणि शेव.

ही आपल्या माळ्यावर धावणाऱ्या काळ्या उंदराची जात नव्हे, आणि गटारातल्या घुशीची तर नव्हेच. प्रयोगशाळेत पांढरा उंदीर असतो ना, त्या कुळातली. माणसाच्या हातात वाढलेली. मी आधी नाक मुरडलं. पण पंधरा दिवसांत ते माझ्या बाहीत शिरून झोपायला लागले आणि माझी बदली झाली. नात त्यांना बोटांनी गुदगुल्या करायची, ते उलटे होऊन तिच्या हातामागे पळायचे. याक पँकसेप नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकाच्या शेवटी दाखवलं, की गुदगुल्या केल्यावर उंदीर आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत, ५० किलोहर्ट्झच्या आसपास, चिवचिवतात. खेळतानाही तोच आवाज काढतात. नातीने हे वाचल्यावर घरात जाहीर केलं की लाडू हसतो.

मला सवय आहे म्हणून मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिघांचं वजन, खाणं, शिंका, भांडण, जे दिसेल ते. ही वही पुढे माझ्याच विरुद्ध पुरावा ठरली.

३ मे २०२२ ची नोंद अशी आहे: "लाडू. पाठीचे केस उभे. शेवला आडवं होऊन ढकलतो. फुसफुस आवाज." वय साडेसात महिने. नर उंदरात हा बदल साधारण पाच महिन्यांपासून वर्षभरापर्यंत कधीही दिसू शकतो. सगळ्यांमध्ये दिसतो असं नाही. चिवडा आणि शेव त्याच आईचे, त्याच पिंजऱ्यातले, त्यांच्यात काही नव्हतं. लाडूचं मात्र सगळं एकदम वाढलं. जिथे जाईल तिथे लघवीचे थेंब टाकायचा, पिंजऱ्याच्या कोपऱ्यांवर कुशी घासायचा, पाठीवर नारिंगी तेलकट थर आला आणि अंगाला उग्र वास.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नव्याने पाळणाऱ्यांची इथेच गडबड होते. उंदीर खेळताना कुस्ती करतात आणि ती कुस्ती बघून आपला जीव घाबरतो. खेळ आणि खरी लढाई यांत फरक कसा करायचा? कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ पेलिस यांनी उंदरांच्या खेळावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं निरीक्षण फार कामाचं आहे. खेळात उंदीर दुसऱ्याच्या मानेच्या मागच्या भागाला नाक लावायला बघतो. खऱ्या लढाईत तो ढुंगण आणि पाठीच्या खालच्या भागाला चावतो. चिरचिर आवाज आला, एकाने दुसऱ्याला उताणं पाडलं, पण रक्त नाही आणि केस सपाट आहेत, तर मध्ये पडू नका. केस पिंजारलेले, अंग आडवं वळलेलं, फुसफुस, आणि जखमा ढुंगणावर, असं दिसलं की तो खेळ राहिला नाही. आणि लढाई लागलीच, तर हात घालू नका. जाड टॉवेल टाका, मधे सुपली घाला, ओव्हनचे हातमोजे घाला. मी हात घातला नव्हता. मी त्याहून मोठा मूर्खपणा केला.

कुठेतरी ऐकलं होतं, की अशा उंदराला उताणा दाबून धरायचा, म्हणजे त्याला कळतं की आपण मोठे. मला ते लगेच पटलं. माणूस आयुष्यभर जे करत आला तेच त्याला पटतं. मी लाडूला उताणा दाबला, एक-दोन-तीन मोजलं आणि त्याने माझ्या अंगठ्यात दोन खोल भोकं पाडली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धरला, मग डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकं. उंदराच्या चावण्यातून ताप येतो, त्या जिवाणूचं नाव मोठं आहे, पण दुखणंही मोठं होऊ शकतं. छोटा चावा म्हणून हळद लावून गप्प बसू नका.

मी लाडूला वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. माझ्या मनात स्पष्ट शब्द होता: कोठडी. सौ. माझ्या अंगठ्याला पट्टी बांधत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या युनिटमधला चांगला जवान एकाएकी असा वागायला लागला असता, तर आधी कोठडीत टाकला असता की एमआय रूमला पाठवला असता?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमआय रूम म्हणजे पलटणीतला दवाखाना. मी काही बोललो नाही. उत्तर तिला माहीत होतं.

तर एमआय रूम. लाडूला दुखतंय का, हे आधी बघायचं. उंदीर दुखणं लपवतो, पण चेहऱ्यावर ते येतं. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टीच तयार केली. डोळे किलकिले होतात, नाक आणि गाल फुगीर न राहता सपाट होतात, कान आत वळतात, मिशांची ठेवण बदलते. शिवाय त्रासात असलेल्या उंदराच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल डाग दिसतात. ते रक्त नव्हे, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा रंग असतो, पण काहीतरी बिघडलंय हे त्यातून कळतं. लाडूला यातलं काही नव्हतं. वजन चढतं होतं, श्वास स्वच्छ होता.

मग घर तपासलं. तीन उंदरांना खाण्याचं एकच भांडं होतं, लपायला एकच मातीचं मडकं. म्हणजे रोजच्या भांडणाची सोय मीच करून ठेवली होती. तीन भांडी, चार लपायच्या जागा, जुन्या चादरीच्या झोळ्या केल्या. मडक्याला दोन तोंडं पाडली, कारण एकच दार असलेल्या जागेत कमजोर उंदीर कोंडला जातो. सगळा पिंजरा एकदम धुणं बंद केलं. आपला वास पूर्ण गेला की नर पुन्हा जोराने खुणा करायला लागतो. म्हणून एका वेळी अर्धी चादर बदलायची. आणि नातीची एक मैत्रीण होती, तिच्याकडे माद्या होत्या. ती यायची, तसेच हात लाडूला लावायची. त्या वासाने तो बेभान व्हायचा. आधी हात धुवायचा नियम केला. हैदराबादचा मे महिना, त्यात उंदराला घाम येत नाही, शेपटीतून काय उष्णता जाईल तेवढीच. पिंजरा कूलरच्या खोलीत हलवला, पण थेट झोतात नाही.

या सगळ्याने फरक पडला. पण अर्धाच. भावांना जाळीतून पाहिलं तरी लाडूचे केस उभे राहायचे.

मुलीने दवाखाने शोधले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, रात्री नऊनंतर पोटात काही जाऊ देऊ नका. कुत्र्या-मांजरांना ते बरोबर आहे, भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. पण उंदराला उलटी करताच येत नाही, त्याच्या शरीराची ठेवणच तशी आहे. उलट एवढ्याशा जिवाला रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते आणि धोका वाढतो. नातीने हे वाचलेलं होतं. तिने विचारलं, तर तिथले डॉक्टर चिडले. आम्ही परत आलो. दुसऱ्या डॉक्टरीणबाई ससे, पक्षी, उंदीर बघणाऱ्या निघाल्या. त्यांनी लाडूची छाती तपासली आणि म्हणाल्या, "करून घ्या. भुलीचा धोका शून्य नसतो, हे मी तुम्हाला आधीच सांगते. पण हा तरुण आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत. उशीर केलात तर धोका वाढेल, कमी होणार नाही." तारीख १७ मे. वहीत आहे.

मी म्हणालो, बघू.

का म्हणालो? धोका आहे म्हणून, असं मी घरी सांगितलं. ते अर्धं खरं होतं. पहिल्या दवाखान्याचा अनुभव ढालीसारखा पुढे केला. बाकीचं खरं असं, की अड्ड्यावरचे विनोद मला लागत होते. एका उंदरासाठी भूल, शस्त्रक्रिया, फी, आणि तेही ते ऑपरेशन. मी तिथे उलट मगावाची गोष्ट सांगून मोठेपणा मिरवला. मगावा म्हणजे कंबोडियात सुरुंग हुंगणारा आफ्रिकन थैलीवाला उंदीर, लाडूपेक्षा वेगळी जात. त्याने ७१ सुरुंग शोधले आणि २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या पीडीएसए संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. सुरुंग काढणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून त्याचा मला अभिमान वाटतो. उंदरांच्या शौर्याबद्दल अर्धा तास बोलून मी घरी यायचो आणि घरातल्या उंदराचा निर्णय पुढे ढकलायचो.

१४ जूनला संध्याकाळी पिंजरे साफ करताना मला वाटलं, महिना झालाय, भाऊच आहेत, एकदा सोडून बघू. सौ. नको म्हणाली होती. मी लाडूला चिवड्याच्या समोर फरशीवर सोडलं. दहा सेकंदसुद्धा नसतील. चिवड्याच्या ढुंगणाजवळ दोन सेंटिमीटरची उघडी जखम झाली. त्याच रात्री डॉक्टरीणबाईंनी ती धुतली, औषधं दिली. तिसऱ्या दिवशी तिथे पू धरला. पुन्हा साफ केलं. नवव्या दिवशी सकाळी चिवडा झोळीत गेलेला सापडला. शेव त्याला चिकटून बसला होता.

नात रडली, पण मला काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने माझी वही मागितली. ३ मेचं पान उघडलं, १७ मेचं उघडलं. म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तेव्हाच?" मी हो म्हणालो. फौजेत चौकशी समितीपुढे लोक कशी कशी उत्तरं देतात ते मी बत्तीस वर्षं ऐकलंय. हो म्हणण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता लाडूचं काय? जावई चांगला माणूस आहे, पण म्हणाला, देऊन टाकू कोणाला तरी. देणार कोणाला? चावणारा नर उंदीर फुकट घेणारा माणूस बहुतेक वेळा साप पाळणारा असतो. दुसरा मार्ग, जन्मभर एकटा ठेवायचा. उंदीर कळपातला प्राणी. एकमेकांवर रचून झोपतो, एकमेकांचं अंग चाटतो. शिकागो विद्यापीठातला २०११ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: नळीत अडकलेल्या सोबत्याला मोकळा उंदीर दार उघडून सोडवतो. अशा जिवाला दोन वर्षं एकटं ठेवायचं म्हणजे तीच माझी कोठडी झाली. डॉक्टरीणबाईंना नातीनेच फोन लावला.

तुमच्यापैकी कोणाला हे करायचं असेल, तर फोनवर काय विचारायचं ते सांगतो. भूल वायूची देता का? आयसोफ्लुरेन नावाचा वायू असतो, त्यात भुलीची खोली पटकन कमी-जास्त करता येते. नुसत्या इंजेक्शनवर तेवढा ताबा राहत नाही. ऑपरेशनच्या वेळी अंग गरम ठेवायची सोय आहे का? एवढं लहान शरीर भुलीत भराभर थंड पडतं. उपाशी ठेवायचं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटात जाणारी वाट बंद करता का? नर उंदराची वृषणं आणि पोट यांच्यातली वाट आयुष्यभर उघडी असते. घाबरला की तो वृषणं आत ओढून घेतो. वृषणं काढल्यावर ती वाट बंद केली नाही, तर तिथून चरबी किंवा आतडं खाली उतरू शकतं. ज्यांनी उंदरांची ऑपरेशनं केली आहेत ते हे प्रश्न ऐकून चिडत नाहीत.

२ जुलै. लाडूचं वजन ५२० ग्रॅम. सकाळी त्याने नेहमीसारखं खाल्लं. सोबत म्हणून शेवला शेजारच्या डब्यात नेलं, वास येईल पण चावता येणार नाही असं. काम अर्ध्या तासाच्या आत झालं. टाके कातडीच्या आतून घातलेले होते, कारण बाहेरचे टाके उंदीर कुरतडून काढतो. शुद्धीवर येताना तो गरम पाण्याच्या बाटलीला टेकून बसला होता, आणि बाहेर येऊन बाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की त्याने खाल्लं. कोमट पाण्यात कालवलेलं नाचणी सत्त्व, चाटण्याएवढंच. पण तेच ऐकायचं असतं. ऑपरेशननंतर काही तासांत उंदीर खायला लागला नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

घरी दोन दिवस एकमजली लहान पिंजरा. चढउतार नाही. भुसा नाही, कारण कण जखमेत जातात. जुनी सुती साडी फाडून अंथरली आणि सकाळ-संध्याकाळ बदलली. वेदनाशामक म्हणून मेलोक्सिकॅम, वजनाप्रमाणे मोजून थेंब. इथे मी हात जोडून सांगतो, घरातली माणसांची गोळी तुकडा करून देऊ नका. अर्धा किलोच्या जिवाला तो तुकडासुद्धा विष होऊ शकतो. जखमेकडे दिवसातून दोनदा बघायचं. थोडी सूज चालते. गरम लागणारी, वाढत जाणारी गाठ म्हणजे पू, आणि या ऑपरेशननंतर तो होऊ शकतो. लाडूला पाचव्या दिवशी एका बाजूला छोटी गाठ आली होती. माझे हातपाय गार पडले. बाईंनी साफ केली, औषध वाढवलं, आठवड्यात बसली.

आणि मग काहीच झालं नाही. म्हणजे लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी उंदीर संत. तसं नसतं. रक्तातलं संप्रेरक लवकर उतरतं, वागणूक सावकाश. दुसऱ्या आठवड्याअखेरही माझ्या नोंदी तशाच आहेत: केस उभे, फुसफुस. आणखी एक सावधगिरी. नळ्यांमध्ये उरलेल्या बीजामुळे काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. मादीबरोबर ठेवायचा असेल तर आम्हाला सहा आठवडे थांबायला सांगितलं होतं. आमच्याकडे मादी नव्हती, पण त्या मैत्रिणीला मी हे दोनदा बजावलं.

चौथ्या आठवड्यात नोंद आहे: "पाठीचा तेलकटपणा कमी. केस मऊ." पाचव्यात: "शेवची चादर हुंगली, लघवी केली नाही." आम्ही रोज दोघांच्या चादरीचे तुकडे अदलाबदल करत होतो. सातव्या आठवड्यात त्यांना समोरासमोर आणलं, पण पिंजऱ्यात नाही. दोघांच्याही वासाची नसलेली जागा हवी. पाहुण्यांच्या न्हाणीघराची कोरडी फरशी निवडली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, हातात टॉवेल घेऊन मी, दारात नात. लाडू आडवा झाला, केस अर्धे उठले, शेव गोठला. मग लाडूने त्याच्या मानेला नाक लावलं. मानेला, ढुंगणाला नाही. नात कुजबुजली, "मान, आजोबा, मान."

तरी घाई केली नाही. रोज दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग धुतलेल्या नव्या मांडणीच्या पिंजऱ्यात. ५ सप्टेंबरला रात्री ते पहिल्यांदा एका झोळीत झोपले. ऑपरेशनपासून नऊ आठवडे.

या ऑपरेशनने काय झालं नाही, तेही सांगायला हवं. लघवीच्या खुणा कमी झाल्या, संपल्या नाहीत. भीतीने चावणारा, पिल्लू असताना माणसाचा हात न लागलेला, किंवा दुखण्याने चावणारा उंदीर वृषणं काढून सुधारत नाही. त्याच्यासाठी वेगळं काम करावं लागतं, चमच्याला दही लावून आठवडेच्या आठवडे पिंजऱ्याशी बसायचं. शांत नराचं ऑपरेशन नुसतं वास नको म्हणून करावं का? माझं मत, नाही. शेवचं आम्ही केलं नाही, त्याला गरज नव्हती. नर-मादी एकत्र ठेवायचे असतील तर मात्र करावं. खच्ची नर माद्यांमध्ये छान रमतो. आणि लाडू ऑपरेशननंतर सुटला, म्हणजे जाड झाला. त्या डिसेंबरात ६१० ग्रॅम. शेंगदाणे बंद केले. ज्वारी, बाजरी, भिजवलेली मटकी, काकडी, पालक, आणि खाणं भांड्यात न देता पिंजराभर लपवून ठेवायचं, शोधू दे त्याला. जड उंदराच्या तळपायाला फोड येतात, म्हणून जाळीच्या तळावर पुठ्ठा आणि कापड.

लाडू जानेवारी २०२४ मध्ये गेला, फुप्फुसाच्या आजाराने. सव्वादोन वर्षं झाली होती, म्हणजे उंदराच्या मानाने पुरतं आयुष्य. शेव त्यानंतर तीन महिने होता.

आता तुम्हाला माझ्या मागे जो पिंजरा दिसतोय त्यात दोघे आहेत, चिरोटा आणि अनारसा. वय सहा महिने. नात आता वही स्वतः लिहिते, माझं अक्षर तिला वाचवत नाही. मागच्या मंगळवारी तिने लिहिलंय, "चिरोटा: केस उभे, दोनदा." दुखणं नाही, भांडी वेगळी आहेत, मडक्याला दोन दारं आहेत, ते सगळं आम्ही बघून घेतलं. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. आज त्याचं वजन ४४० ग्रॅम भरलं. अनारसा सोबत येणार आहे, आणि निघायच्या आधी दोघांना मटकी मिळणार आहे.